एम-वनला घाबरलेल्या ज्युनिअरला

अरे, एम-वनमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरच्या गणितात, बहुतेकांचं घोडं पार्शल डिफरन्सिएशनवर नाही, बारावीच्या साध्या डिफरन्सिएशनवरच अडतं. म्हणून आधी आठवडाभर तेच कर: चेन रूल, गुणाकार-भागाकाराचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

मग मॅट्रिक्स. रँक, आयगेन व्हॅल्यू यांची रीत ठरलेली असते, मार्क लवकर हाती येतात. वजाबाकीची चिन्हं मात्र सांभाळ.

सोडवलेलं गणित नुसतं वाचू नकोस (सगळे हेच करतात). वही मिटून कोऱ्या कागदावर सोडव. जिथे अडशील तेवढीच पायरी सरांना विचार. "काहीच कळत नाही" म्हटलं तर तेही काय सांगणार?

लाप्लास ट्रान्सफॉर्म पुढच्या सेमिस्टरांमधलं, ते आत्ता डोक्यातही आणू नकोस. आणि केटी लागलीच (म्हणजे विषय राहिला, पण पुढे जाता आलं), तर पुढच्या सेमिस्टरच्या एम-टूसोबत एम-वनचा सराव चालू ठेव, शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस.