आपल्या भावाच्या खोलीत आपण कोणाला पाठवाल?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचे चार पानी पत्र आले आहे. मुलगा 22 वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, गुण 58 टक्के. अलकापुरीतील एका एजंटाने सुचवले आहे की, त्याने विद्यार्थी म्हणून ऑस्ट्रेलियाला जावे आणि तेथे दिव्यांग व्यक्तींचा मदतनीस म्हणून काम करावे. अडचण एवढीच, की मागच्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगावरून शेजाऱ्यांशी मारामारी झाली, मुलावर गुन्हा नोंदला गेला आणि पुढे दोन्ही घरांनी ते आपसात मिटवले. एजंट म्हणतो, दुसऱ्या पत्त्यावरून पोलिसांचा कोरा, म्हणजे एकही गुन्हा नोंद नसल्याचा, दाखला काढून देतो. वडिलांचा प्रश्न आहे : तिकडे या कामाआधी होणाऱ्या तपासणीत हे कळणार तर नाही ना?

आदरणीय महोदय,

आपल्या मुलाच्या 58 टक्क्यांची मला चिंता वाटली नाही, आणि त्या मारामारीचीही फारशी वाटली नाही. मला अस्वस्थ केले ते या गोष्टीने, की साडेतीन पाने भरून आपण ‘आम्ही ठरवले आहे’ असे लिहीत गेला आहात, एजंटाचे शुल्क, ताशी मिळणारे डॉलर आणि सोसायटीतील कोणाकोणाची मुले गेली हे सर्व त्यात आहे, परंतु मुलाला काय वाटते याविषयी एकही वाक्य नाही. ते वाक्य त्याने स्वतः, चौथ्या पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईने लिहिले आहे : ‘काकांचे सगळे मीच करतो आणि ते मला आवडते, पण खोटे सांगून जायचे असेल तर मला झोप लागणार नाही.’ आपण पत्र पाकिटात घालण्यापूर्वी हे वाचले होते का, हे मला ठाऊक नाही. वाचले नसल्यास आता वाचावे.

आपले धाकटे बंधू सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) जन्मापासून अंथरुणावर आहेत, त्यांचे बोलणे घरच्यांशिवाय कोणाला कळत नाही, आणि गेली तीन वर्षे त्यांना आंघोळ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे हे सर्व हा मुलगा करतो, असे आपण ‘त्याला कामाची सवय आहे’ या एका वाक्यात सांगून टाकले आहे. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे. म्हणून विचारतो : उद्या मुलगा परदेशी गेला आणि बंधूंसाठी आपल्याला परका माणूस ठेवावा लागला, त्या माणसावर पूर्वी पोलिसांत तक्रार झाली होती आणि त्याच्या वडिलांनी दुसऱ्या पत्त्यावरून कोरा दाखला काढून त्याला आपल्या घरी पाठवले, असे सहा महिन्यांनी कळले, तर आपण काय म्हणाल? जो माणूस दार बंद झाल्यावर काय घडले हे सांगू शकत नाही, त्याच्यासाठी ही तपासणी आहे. आपल्या मुलाची वाट अडवण्यासाठी ती केलेली नाही.

एजंटाने आपल्या मनात घातलेला सर्वांत मोठा गैरसमज असा, की ही तपासणी म्हणजे आपल्याकडचा पोलिसांचा दाखलाच, एकदा मिळाला की काम संपले. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा दाखला आपल्याकडच्या पोलीस नोंदीपुरता बोलतो, त्यापलीकडे त्याला काही माहीत नसते. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, म्हणजे दिव्यांगांच्या मदतीचा खर्च उचलणारी सरकारी योजना, हिच्याखालील नोंदणीकृत संस्थांमध्ये, दिव्यांग व्यक्तींशी ज्यांचा नेहमीचा थेट संबंध येतो अशा कामांसाठी, बहुतेक राज्यांत 1 फेब्रुवारी 2021 पासून स्वतंत्र तपासणी लागू आहे. ती प्रत्येक राज्याची यंत्रणा करते, मंजुरी सर्व राज्यांत चालते आणि साधारणपणे 5 वर्षांसाठी असते. परंतु त्या पाच वर्षांत माणसावरची नजर हटत नाही. नवी गंभीर माहिती पुढे आली, तर मंजुरी स्थगित होते किंवा काढून घेतली जाते. गुन्ह्याची शिक्षाच नव्हे, तर प्रलंबित आरोप आणि कामावरील गैरवर्तनाच्या नोंदीही पाहिल्या जातात. मुलांसोबत काम करण्याची तपासणी वेगळी असते. आणि जे आपल्याला कोणी सांगितलेले दिसत नाही, ते हे की प्रत्येक नोंद म्हणजे नकार नव्हे. खून किंवा लैंगिक अत्याचार यांसारखे गुन्हे दार कायमचे बंद करतात. इतर बाबतींत काय घडले, किती काळ लोटला, तेव्हा वय काय होते, नंतरचे वागणे कसे आहे, हे तोलून निर्णय घेतला जातो. पतंगावरून झालेली झटापट खरी सांगितली, तर तिचे स्पष्टीकरण देता येते. लपवलेली झटापट सापडली, तर तिचे स्पष्टीकरण कोणीही ऐकत नाही. शिवाय व्हिसाच्या अर्जात बनावट कागद किंवा खोटी माहिती आढळल्यास अर्ज नाकारला जातो आणि पुढे 3 वर्षे बहुतेक व्हिसांचे दार बंद राहते. तेव्हा एजंटाने घेतलेले पैसेही परत येत नाहीत.

घरच्या घरी मिटवणे आणि न्यायालयात मिटणे यांत फरक आहे. साध्या दुखापतीसारख्या गुन्ह्यात उभयपक्षी तडजोड कायद्याने नोंदली गेली, तर तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो. शेजाऱ्यांनी चहा पिऊन हस्तांदोलन केले, एवढ्याने गुन्ह्याची नोंद पुसली जात नाही. तेव्हा एजंटाकडे जाण्यापूर्वी वकिलाकडे जा, गुन्ह्याची आजची स्थिती कागदावर पाहा, आणि जे असेल ते तसेच लिहा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येते, हेही हिशेबात धरा. ‘खर्च निघून जाईल’ हे एजंटाचे वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही. ‘नाहीतर इंग्लंड’ असा जो पर्याय आपण सुचवला आहे, तो 22 जुलै 2025 पासून परदेशातून नव्या काळजीवाहकांच्या भरतीसाठी बंद झाला आहे.

बँक, सी.ए. आणि सरकारी परीक्षा यांविषयी आपण विचारले आहे. त्या वाटा सर्वांना माहीत आहेत आणि आपल्या मुलाने त्यांपैकी एकीचेही नाव घेतलेले नाही. माझे स्पष्ट मत असे, की त्याने यंदा परदेशाचा अर्ज करूच नये. त्याने पदवी पूर्ण करावी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रम पाहावा, त्याच्या प्रवेशासाठी 58 टक्के पुरेसे आहेत. 1992 च्या कायद्याने या परिषदेची नोंदवही ठेवली जाते आणि त्यात नाव असल्याखेरीज विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतही एकदा जाऊन बोलावे, आपल्या घरापासून ती फार लांब नाही.

तेथेही चौकशी होईल. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना, शाळांसह, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची चौकशी वेळोवेळी करावी लागते. प्रत्येक संस्था ती करतेच असे नाही, आणि याबद्दल मला संताप येतो. आपला मुलगा नोकरी मागायला गेला आणि ही चौकशी झाली नाही, तर ती का झाली नाही, असे त्याने स्वतःहून विचारावे.

चिरंजीवास माझे एक सांगणे. त्या दिवशी गच्चीवर काय झाले, कोणाला लागले, तू काय केलेस आणि नंतर काय केलेस, हे एका पानावर स्वतःच्या शब्दांत लिही आणि वकिलाकडे जाताना बरोबर ने. तेच पान पुढे प्रत्येक अर्जात कामी येईल. तुझ्या वडिलांच्या पत्राची प्रत मी ठेवली आहे. पुढचे पत्र मात्र तू स्वतः, पूर्ण पानभर, लिहावेस, आणि काका तुझ्याशी कसे बोलतात, तेही त्यात सांगावेस.