आईची मंडळी संप्रदाय बदलते आहे

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची. मिरजेत मिशनच्या आवारात वाढली, आता बरीच वर्षं आमच्याकडे अमेरिकेत असते. ती जिथे उपासनेला जाते ती मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, पी.सी.यू.एस.ए.ची (प्रेस्बिटेरियन चर्च, यू.एस.ए.), म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन संप्रदायाची. आता तिथलं वडीलमंडळ (मंडळीनं निवडलेल्या ‘वडील’ या सेवकांचं कारभारी मंडळ) ‘एको’ या दुसऱ्या प्रेस्बिटेरियन संप्रदायात जायचं म्हणतंय आणि लवकरच मतदान आहे. आई रात्र रात्र जागी असते. ‘माझा बाप्तिस्मा उरेल ना?’ असं विचारते. तिला काय सांगू? आणि तिनं मत कसं द्यावं?

उत्तर : बाप्तिस्म्याचं उत्तर आजच द्या, कारण झोप त्यानंच उडाली आहे. पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा दोन्ही संप्रदाय मानतात. तो पुन्हा घ्यावा लागत नाही. प्रभुभोजनाचा मेजही तिच्यासाठी दोन्हीकडे खुला आहे.

असा बदल तिनं पूर्वीही पाहिला आहे, हे तिला आठवण करून द्या. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र आल्या, तीच यू.सी.एन.आय. (युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया). ती मंडळी पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सामील झाली. पाटी बदलली, बिशप आले, वादही झाले. बाप्तिस्मे मात्र तेच राहिले. तेव्हा काय वाटलं होतं, हे तिला विचारा आणि सगळं ऐकून घ्या. आजच्या भीतीमागे जुनी ताटातूट असू शकते.

आता मताचं. आधी एक गोष्ट तपासा : आईचं नाव कोणत्या यादीत आहे? वर्षानुवर्षं दर रविवारी उपासनेला गेलं तरी त्यामुळे कुणी सभासद होत नाही. गावाकडच्या मंडळीचा दाखला आणून ‘संलग्न सभासद’ म्हणून घेतलं असेल, तर मंडळीच्या कामात भाग घेता येतो, पण सभेत मत देता येत नाही. मत फक्त सक्रिय सभासदाचं, आणि तेही सभेला हजर असलेल्याचं. लेकीनं आईच्या वतीनं हात वर केलेला चालत नाही. म्हणून वडीलमंडळाच्या चिटणीसांना दोन ओळींचं पत्र लिहून आईची नोंद लेखी मागवा. हे काम सभेच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. नोंद संलग्न निघाली तर सक्रिय सभासद करून घेण्याचा निर्णय वडीलमंडळाच्या बैठकीतच होतो, आणि ती बैठक रोज नसते.

मतदानानं मंडळी बाहेर पडते, हा समजही चुकीचा आहे. मंडळी फक्त विनंती करते. तिला संप्रदायातून सोडण्याचा अधिकार प्रिस्बिटरीचा, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांचे पाळक (पास्टर) आणि वडील यांच्या सभेचा. बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो : वडीलमंडळ प्रिस्बिटरीला कळवतं, प्रिस्बिटरी आपली माणसं पाठवते, काही महिने चर्चा आणि प्रार्थना होते, मग मंडळीचं मतदान, मालमत्तेचा करार आणि शेवटी प्रिस्बिटरीचं मतदान. किती टक्के मतं लागतात हे प्रत्येक प्रिस्बिटरीच्या धोरणात वेगळं असतं. साधं बहुमत पुरेल असं गृहीत धरू नका. ते धोरण मागून घ्या आणि आईला मराठीत वाचून दाखवा.

आणि मत कोणतं? ते आईचं आहे. घरच्यांनी ते ठरवू नये, पाळकांनीही नाही. पण मुद्दा काय आहे हे तिला आडपडद्याशिवाय सांगा. २०११ मध्ये पी.सी.यू.एस.ए.नं समलिंगी व्यक्तींना पाळक किंवा वडील म्हणून दीक्षा देण्याला असलेली आडकाठी काढली, २०१५ मध्ये विवाहाची व्याख्या बदलली. २०१२ मध्ये स्थापन झालेला एको विवाह स्त्री-पुरुषांतलाच मानतो. प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेचं विधान) आणि प्रभूची प्रार्थना दोन्हीकडे तीच.

मंडळी गेली आणि आईला जायचं नसेल, तर मंडळीला संप्रदायातून सोडलं जाण्याची तारीख उजाडण्याआधी तसं लेखी कळवा आणि जवळच्या दुसऱ्या पी.सी.यू.एस.ए. मंडळीच्या नावे दाखला मागा. काहीच केलं नाही तर तिचं नाव मंडळीबरोबर जाण्याचीच शक्यता जास्त. आणि तिथवर तिला गाडीनं कोण नेणार, हे मत देण्याआधी घरात ठरवा. ज्या बायकांबरोबर ती बुधवारी प्रार्थनेला बसते त्या कुठे जाणार आहेत, हा प्रश्नही तिच्या दृष्टीनं लहान नाही.

प्रश्न : आमच्या मंडळीची इमारत आम्हीच वर्गणीतून बांधली, खरेदीखतही मंडळीच्याच नावावर आहे. मग बाहेर पडताना संप्रदायाला पैसे का द्यायचे?

उत्तर : पी.सी.यू.एस.ए.च्या घटनेनुसार मंडळीची मालमत्ता, खरेदीखत कुणाच्याही नावावर असलं तरी, संपूर्ण संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये ‘जोन्स विरुद्ध वुल्फ’ खटल्यात सांगितलं की न्यायालयं असे वाद धर्ममतात न शिरता खरेदीखत, राज्याचे कायदे आणि मंडळीची कागदपत्रं पाहून सोडवू शकतात. त्यामुळे निकाल राज्यागणिक बदलतात, आणि बरेच जण कोर्टाऐवजी तडजोड करतात. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या मंडळीनं २०१४ मध्ये बाहेर पडताना सुमारे ८९ लाख डॉलर भरले. कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणग्यांचं आणि आवारातल्या अस्थिकोनाड्यांचं काय होणार, हे करारात स्वतंत्र कलम म्हणून लिहून घ्या. तोंडी आश्वासन नवे वडील निवडून आले की हरवतं.

प्रश्न : एको, ई.पी.सी. (इव्हँजेलिकल प्रेस्बिटेरियन चर्च) आणि पी.सी.ए. (प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका) या संप्रदायांत फरक काय?

उत्तर : बायकांच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. पी.सी.ए. (स्थापना १९७३) स्त्रियांना वडील किंवा पाळक म्हणून दीक्षा देत नाही. ई.पी.सी. (स्थापना १९८१) त्या बाबतीत एकच नियम लादत नाही. वडील निवडताना मंडळी आपलं ठरवते. एकोमध्ये स्त्रिया दोन्ही होतात. तुमच्या घरातली कुणी बाई आज वडील म्हणून सेवा करत असेल, तर हा प्रश्न पहिल्याच चर्चासभेत उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा.