आवडता खाऊ बक्षीस म्हणून का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की थेरपिस्टने सेशनमध्ये काम केल्यावर मुलाला बक्षीस म्हणून द्यायला आवडत्या खाऊची यादी मागितली, तुम्ही चॉकलेट पहिलं लिहिलं, आणि आता सेशनमध्ये मुलगा चॉकलेटसाठी काहीच करत नाही. यादी द्यायलाच हवी होती, पण तिच्यावरून फक्त सुरुवात होते. खरी पसंती मुलाला निवडू दिल्यावरच कळते.

डीलिऑन आणि इवाटा या वर्तन-संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत घरीही जमते. पाच-सहा पदार्थांचे अगदी छोटे तुकडे करा आणि आधी प्रत्येकाची चव घेऊ द्या. मग ते एका ओळीत मांडून म्हणा, "एक घे." उचललेला तुकडा खाऊ द्या, तो पदार्थ ओळीत परत ठेवू नका, उरलेल्यांच्या जागा बदला आणि पुन्हा विचारा. त्याने निवडायचं थांबवलं की तुम्हीही थांबा. असं तीनदा केलंत की क्रम दिसायला लागतो. तो दर वेळी उजव्या टोकाचंच उचलत असेल, तर तो पदार्थ नाही, जागा निवडतोय. अशा मुलांना दोन-दोन पदार्थच दाखवावेत, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून. सहा पदार्थांच्या १५ जोड्या होतात, वेळ जातो, पण माझ्या मते तो सत्कारणी लागतो.

पहिला आलेला पदार्थ मुलाला इतका हवा असतो का, की त्यासाठी तो मेहनत करेल, हे वेगळं तपासावं लागतं. त्याला आधीच जमणारं एखादं काम सांगा आणि लगेच तुकडा द्या. मग दोनदा केल्यावर, मग चारदा केल्यावर द्या. कुठे सोडून देतो ते बघा. चॉकलेट घरी मागितलं की मिळत असेल, तर त्यासाठी तो कष्ट कशाला घेईल? ते फक्त सेशनसाठी राखून ठेवा. पण जेवण रोखून किंवा उपाशी ठेवून काम करून घेणं मला अजिबात मान्य नाही, कुणी सुचवलं तरी ठाम नकार द्या.

ॲलर्जी, किंवा चावण्या-गिळण्याची अडचण असेल, तर हे सगळं करण्याआधी डॉक्टरांशी बोला. खेळण्यांची पसंती वेगळी तपासा. खाऊसोबत ठेवली की आवडती खेळणीही बरेचदा मागे पडतात.

आणि पसंती दिवसागणिक बदलते. म्हणून थेरपिस्टना सांगा, प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला दोन-तीन पदार्थ समोर धरून त्यालाच निवडू द्या.