विशेष मुलांना शिकवायला फार संयम लागतो का?

नेहमीच्या वर्गावरून विशेष शिक्षणाकडे वळावं का आणि त्यासाठी लागणारा संयम आपल्यात आहे हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. मी या कामात बरीच वर्षं आहे. संयमाचं कौतुक सगळेच करतात, मला तो दुय्यम वाटतो. मूल अडखळलं की तुमचा हात आपोआप पुढे जातो का? आणि जात असेल, तर तो मागे ठेवायला शिकाल का? आधी हे बघा.

या मुलांना मदत करायला टपून बसलेली माणसं भरपूर असतात. कोणी दप्तर भरून देतं, कोणी पेन्सिल हातात ठेवतं, कोणी उत्तर कुजबुजतं. हळूहळू मूल फळ्याकडे बघणं सोडून शेजारच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघू लागतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले संशोधक मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याची आणखी एक बाजू दाखवली. मदतनीस सतत चिकटून बसला की वर्गसोबत्यांशी मुलाचं मिसळणं कमी होतं आणि वर्गशिक्षकही ‘हे मूल मदतनीसाचं’ असं धरून चालतात.

त्यामुळे आमचं निम्मं कसब दिलेली मदत काढून घेण्यात असतं. जॅकेटची चेन लावायला शिकवताना सगळं आपण करायचं आणि शेवटचा थोडासा भाग मुलाला ओढू द्यायचा. काम पुरं केल्याचा आनंद त्यालाच मिळतो. ते जमलं की एक पायरी अलीकडे यायचं. आधी हातावर हात, मग नुसता मनगटाला स्पर्श, मग बोट दाखवणं, मग काहीच न करता थांबणं. हे थांबणं भल्याभल्यांना जमत नाही. प्रश्न विचारून पाच-सात सेकंद गप्प राहून बघा, जीव कासावीस होतो.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रकार्डांची पद्धत तयार केली. तिच्या पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. समोरच्याकडे मुलाला हवी असलेली वस्तू असते. मागचा मुलाचा हात धरून कार्ड उचलायला आणि द्यायला मदत करतो, पण तोंडातून शब्द काढत नाही आणि शक्य तितक्या लवकर बाजूला होतो. माझ्या मते या पेशाचं याहून नेमकं चित्र नाही.

मात्र माणसाची मदत आणि साधन यांत गल्लत करू नका. ब्रेल, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, संवादाची कार्डं ही मुलाची हक्काची साधनं. ‘आता याच्याशिवाय करून दाखव’ असा हट्ट धरणारे शिक्षक भेटतात. तो निव्वळ दुष्टपणा वाटतो मला.

बाकी कागदपत्रं खूप, पालकांशी अवघड बोलणी त्याहून जास्त आणि प्रगती इतकी हळू की लिहून ठेवली नाही तर दिसतच नाही. थकून सोडून जाणाऱ्यांमध्ये मायाळू माणसं कमी नसतात.

अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी एखाद्या विशेष वर्गात काही आठवडे नुसतं जाऊन बसा. शिकवू नका. एकच मूल निवडा आणि त्याला कोण, कधी, किती मदत करतं ते लिहीत राहा. याचा कंटाळा आला तर सध्याच्याच वर्गावर राहा. पण तिथेही ही मुलं येणारच. शक्यतो सर्व मुलांना नेहमीच्या शाळेत घ्यावं, हे ९२ देशांच्या सरकारी प्रतिनिधींनी १९९४ सालीच स्पेनमधल्या सालामांका शहरात मान्य केलंय. तेव्हा ती वही तिथेही उपयोगी पडेल.