व्हिसा नको, पण बाकीचं सगळं हवं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मलेशियाला आता आपल्याला व्हिसा लागत नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिली, कारण त्यात बाकीच्या दहा जणांचे प्रश्न आपोआप आले.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, साताऱ्याला राहतो. मुलगी-जावई सिंगापूरला आहेत. दिवाळीला महिनाभर त्यांच्याकडे जाणार आहोत. मध्ये पाच दिवस बसने मलाक्का आणि क्वालालंपूर पाहून परत सिंगापूर आणि मग मुंबई, असा बेत आहे. जावई म्हणतात, मलेशियाला व्हिसाच नाही, पासपोर्ट घ्यायचा आणि बसमध्ये बसायचं. इतकं सोपं आहे का?

जावईबापूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत बिनव्हिसा राहता येतं आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. तुम्ही दिवाळीत जाताय म्हणून ठीक. जानेवारीचा बेत असता तर आधी मुदतवाढीची खात्री करा, मगच तिकीट काढा, असं सांगितलं असतं.

आता राहिलेलं अर्धं. तुमची गाडी अडली तर ती मलेशियात नाही, सिंगापूरला परत येताना अडेल. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतोच. तुमच्या ई-व्हिसाच्या कागदावर किती प्रवासांसाठी तो दिलाय ते लिहिलेलं असतं. तिथे ‘मल्टिपल’ असेल तर निश्चिंत जा. ‘सिंगल’ असेल, तर मुंबईहून सिंगापूरला उतरलात तेव्हाच तो संपला. मलाक्का पाहून परतताना तुम्ही सीमेवर उभे, सामान मुलीच्या घरी आणि मुंबईचं विमान सिंगापूरहून! आज रात्री जेवण झालं की तो कागद काढा आणि चष्मा लावून वाचा. ‘सिंगल’ निघाला तर मुलीला सांगून निघायच्या आधीच दुसऱ्या प्रवेशाची सोय करून घ्या.

आणखी एक. सिंगापूर सोडलंत की तिथे राहायचे मिळालेले दिवस तिथेच संपतात. परत आलात की अधिकारी नव्याने दिवस ठरवतो. पासपोर्टवर आता शिक्का मारत नाहीत, किती दिवस मिळाले ते ईमेलने येतं. म्हणून सिंगापूरचं अरायव्हल कार्ड भरताना तुम्ही खरोखर उघडून बघता तोच ईमेल लिहा. माझ्या ट्रॅव्हल ऑफिसमधून गेलेल्या एका आजोबांनी नातवाचा ईमेल दिला होता. नातू परीक्षेत गुंतलेला, आजोबांना आपण तिथे किती दिवस राहू शकतो हेच आठवडाभर कळलं नाही.

मलेशियासाठी तुमच्याजवळ काय हवं ते सांगते. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा. परतीचं तिकीट हवं. तुमच्या बाबतीत सिंगापूरला परतायची बस आणि पुढचं मुंबईचं विमान, दोन्हीचे कागद ठेवा. राहण्याचा पत्ता हवा, खर्चाला पैसे आहेत हे दाखवता यायला हवं. आणि हवं ‘एमडॅक’, म्हणजे मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड. ते पोहोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं. पंधरा दिवस आधी भरून मोकळं व्हायची आपल्याला सवय, पण इथे ती चालत नाही. दोघांचं वेगवेगळं भरा. कसे येणार या रकान्यात बससाठी रस्त्याचा पर्याय निवडा. याला एक पैसाही लागत नाही. सिंगापूरच्या कार्डालाही लागत नाही. मोबाइलवर शोधलंत की सगळ्यात वर पैसे मागणाऱ्या साइट येतात, त्यांच्या नादी लागू नका. मलेशियाच्या सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट एमवाय’ असतो, सिंगापूरच्या साइटचा ‘गव्ह डॉट एसजी’. आणि हो, परत सिंगापुरात शिरताना तिथलं कार्डही पुन्हा नव्याने भरायचं आहे. एकदा भरलंय, आता कशाला, असं होत नाही.

प्रत्यक्ष सीमा कशी असते ते एकदा नजरेसमोर आणा, म्हणजे तिथे गांगरणार नाही. बस आधी सिंगापूरच्या वुडलँड्स नाक्यावर थांबते. सगळे उतरतात, पासपोर्ट तपासून घेतात, पुन्हा बसमध्ये. मग १९२४ साली बांधलेला कॉजवे, म्हणजे समुद्रावरचा भरावाचा रस्ता लागतो, साधारण किलोमीटरभराचा, आणि गर्दीच्या वेळी तेवढ्यालाच तास लागतो. पलीकडे मलेशियाचं जोहोर बाहरू. इथे सगळं सामान घेऊन उतरायचं, कारण ते यंत्रातून जातं. रांगेत लोक धावतात. तुम्ही धावू नका. काउंटरवरून पासपोर्ट हातात आला की तिथेच, बाजूला होण्याआधी, पान उघडून शिक्का बसला का आणि तारीख बरोबर आहे का ते बघा. घाईत शिक्का राहून गेला तर कायदेशीर प्रवेश झाल्याची खूणच तुमच्याजवळ नाही आणि परतताना ते निस्तरणं फार कठीण. खाजगी बस ठरावीक वेळच थांबते, म्हणून उतरण्यापूर्वी बसच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. शुक्रवारची संध्याकाळ टाळा.

राहण्याच्या पत्त्याबद्दल माझीच एक फजिती सांगते. मे २०२४ मध्ये ठाण्याच्या माझ्या ऑफिसमधून डोंबिवलीचं एक जोडपं क्वालालंपूरला गेलं. राहणार होते मावसभावाकडे, पण कागद म्हणून मी फुकट रद्द होणारं हॉटेल बुक केलं, प्रिंट काढली आणि बुकिंग रद्द केलं. मला वाटलं, मी फार हुशार. विमानतळावर अधिकाऱ्याने कुठे राहणार विचारलं, नवऱ्याने भावाच्या घरचा पत्ता सांगितला, हातातल्या कागदावर हॉटेल. अधिकाऱ्याने हॉटेलला फोन लावला. ‘या नावाचं बुकिंग नाही.’ चार तास ते दोघं बाकावर बसून, भावाशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कुठे सोडलं. रात्री तीन वाजता मला फोन आला तो ताईंच्या रडण्याचाच. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नातेवाइकाकडे राहायचं असेल तर तसंच लिहायला सांगते. सोबत त्यांचा पत्ता, फोन आणि तिथल्या ओळखपत्राची प्रत.

जाता जाता, दिवाळी आहे म्हणून विचारते. लेकीसाठी अनारसे नेणार असाल ना? सिंगापुरात खसखस मनाई असलेल्या वस्तूंत मोडते, परवानगीशिवाय नेता येत नाही. चकल्या न्या, शंकरपाळ्या न्या. आणि सरांना तंबाखूची सवय असेल तर पुडी साताऱ्यातच ठेवा, खायची तंबाखू तिथे बंद आहे.

प्रश्न : काकू, मी वाळवा तालुक्यातला. नववीनंतर शाळा सुटली, पासपोर्टवर ईसीआरचा शेरा आहे. हॉटेलात आचारी म्हणून काम करतो. गावातला एकजण म्हणतो, मलेशियाला टुरिस्ट म्हणून जा, ३० दिवस भरले की थायलंडला जाऊन शिक्का मारून ये, परत ३० दिवस. तोवर तिथे हॉटेलात काम लावून देतो. ८० हजार मागतोय.

नको जाऊस. देऊ नकोस ते पैसे. दिले असशील तर आजच परत माग आणि त्याच्याकडून आलेला एकही मेसेज पुसू नकोस.

बिनव्हिसा ३० दिवस मिळतात ते फिरायला, नातेवाइकांना भेटायला. त्यात काम करता येत नाही. पगार रोख घेतला तरी नाही, ‘नुसती मदत करतोय’ म्हटलं तरी नाही. बाहेर जाऊन यायचं आणि नवे ३० दिवस मिळवायचे, हा तर कुठे लिहिलेला हक्कच नव्हे. दुसऱ्यांदा आलास की समोरचा अधिकारी मागचे शिक्के बघतो आणि वाटलं तर आल्या पावली परत पाठवतो. आत शिरलास आणि मुदत उलटली, तर तिथल्या इमिग्रेशन कायद्यात दंड आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. त्या वेळी गावातला हा माणूस फोन उचलेल असं तुला वाटतं का?

ईसीआर म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, ते नीट समजून घे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर तो शेरा येतो. असे १८ देश आहेत, जिथे या पासपोर्टवर नोकरीला जायचं तर आधी आपल्या सरकारची मंजुरी लागते, आणि त्यात मलेशिया आहे. थायलंडही आहे. फक्त फिरायला जायचं तर ही मंजुरी लागत नाही, पण मुंबई विमानतळावरच तुला थांबवून विचारतील: परतीचं तिकीट दाखव, हॉटेल कुठलं, कोणाबरोबर चाललास, पैसे किती. खोटं बोललास तर तोंडावर दिसेल. हे अधिकारी दिवसाला अशी पन्नास तोंडं बघतात.

खरंच जायचं असेल तर सरळ रस्ता आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्यात या माणसाचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव आहे का ते स्वतः बघ, त्याने दाखवलेल्या कागदावर जाऊ नकोस. नोंदणीकृत एजंटाला तुझ्याकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणजे हा ८० मागतोय तिथेच काय ते कळलं. कामाचा व्हिसा आणि करार इथून निघण्यापूर्वी हातात हवा. आचाऱ्याला मागणी आहे रे, तुझं कसब खोटं नाही. पण चोरासारखं कशाला जायचं?

प्रश्न : क्वालालंपूरहून विमानाने कुचिंगला जाणार आहे. देश एकच आहे, तर पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवला तर चालेल का?

चालणार नाही. कुचिंग सारावाकमध्ये आहे आणि १९६३ साली मलेशिया झाला तेव्हापासून सारावाक आणि सबा या दोन राज्यांनी प्रवेशाचे अधिकार आपल्याकडे ठेवलेत. देशांतर्गत विमानातून उतरलात तरी पुन्हा काउंटर, पुन्हा शिक्का. क्वालालंपूरच्या मलेशियन माणसालाही तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं. परतीच्या तिकिटाचा कागदही बरोबर ठेवा.

प्रश्न : सूनबाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. मुलाने विमानाचं तिकीट मात्र आमच्या आडनावाने काढलं. लग्नाचा दाखला बरोबर ठेवला तर पुरे ना?

पुरत नाही. दाखला मराठीत असो की इंग्रजीत, चेक-इनला बसलेली मुलगी पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरून नावं जुळतात का एवढंच बघते. विमान कंपनीला आजच फोन करा आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. आडनाव अख्खं बदलायचं असेल तर काही कंपन्या जुनं तिकीट रद्द करून नवं काढायला लावतात, तेव्हा दर वाढायच्या आत करा. जाण्याआधी पासपोर्टच सासरच्या नावाचा करून घेऊ, असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवा, वेळ पुरायची नाही. आणि एमडॅक भरताना पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव लिहा. सूनबाईंच्या पासपोर्टवर त्यांच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल, तर तेही त्यात आलंच.