आधी हात मागे बांध

अगं, बाळंतिणींना स्तनपानात मदत करायच्या प्रशिक्षणात बाहुली आणि कापडी स्तनावर हात बसला, म्हणून वॉर्डात लगेच बाळाचं डोकं धरून छातीवर दाबू नकोस. ते उलट मागे रेटतं. (मीही सुरुवातीला हेच करायचे.) आधी हात मागे बांधून नुसतं बघ: तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का. पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं, तर बाळाची पकड चुकतेय.

चीक, म्हणजे बाळंतिणीचं पहिलं घट्ट दूध, हाताने काढायला मात्र नीट शिक. बोटं स्तनाग्रावर नकोत, काळ्या भागाच्या कडेला. आधी मागे छातीकडे दाब, मग एकमेकांकडे. पहिल्या दिवशी चमचाभर निघाला तरी पुष्कळ.

आणि बाळंतिणीच्या सासूबाईंना बाहेर काढू नकोस, उशी धरायला त्यांनाच सांग.