कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही नुसत्या टेन्शनने हृदयाच्या नसा ब्लॉक होतात का?

नुसत्या टेन्शनने नाही. ब्लॉकेजला कच्चा माल लागतो, तो एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. तुमच्या रिपोर्टात तो 124 आहे आणि म्हापशाच्या लॅबने पुढे ‘नॉर्मल’ छापलंय. पण वय 44, कळंगुटच्या हॉटेलात रात्रपाळी, वडिलांना ॲटॅक येऊन गेलेला. अशा माणसाच्या बाबतीत त्या शब्दावर मी विसंबणार नाही.

टेन्शनचं काम पुढचं. ताण रोजचाच झाला की नॉरॲड्रेनालिन हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, त्याचा निरोप हाडांतल्या मज्जेपर्यंत जातो आणि मोनोसाइट, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जास्त संख्येने रक्तात उतरतात. धमनीच्या अस्तराखाली एलडीएल आधीच मुरलेलं असतं. मोनोसाइट तिथे घुसतात, ते एलडीएल खाऊन फुगतात, मरतात; गाळ साचतो. हीच धमनीतली सूज. वरून त्यांची एन्झाइम्स प्लाकचं, म्हणजे या गाळाच्या थराचं, आवरण पोखरत राहतात. ते फाटलं की मिनिटांत गुठळी. म्हणूनच 40 टक्के ब्लॉक असलेल्याची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल येते आणि तरी ॲटॅक येऊ शकतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक सूज उतरवतं हे खरं, पण ते महिनोन्‌महिने चढं राहिलं की पेशी त्याला जुमानेनाशा होतात.

सुजेचा वाटा किती, हे 2017 च्या कॅन्टोस चाचणीत दिसलं. एलडीएलला हात न लावता एका औषधाने फक्त सूज कमी केली, तर ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून साधारण 15 टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, म्हणून ते औषध सरसकट कोणी देत नाही.

तुम्ही एचएस-सीआरपी ही सूज मोजणारी रक्ततपासणी करून घ्या. साधी सीआरपी नको, ती एवढी बारीक सूज पकडत नाही. सर्दी-ताप, दाढेचं दुखणं असताना करू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली उत्तम, 3 च्या वर जोखीम जास्त, 10 च्या वर आला तर आधी इन्फेक्शन शोधा. एकक नीट वाचा: डेसिलिटरमध्ये 0.3 म्हणजे लिटरला 3. लिपोप्रोटीन-ए हा आनुवंशिक कोलेस्टेरॉल-कण आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं, आणि वडिलांमुळे तुम्ही ते तपासाच.

बीपी घरी मोजा. पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन रीडिंग, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी 135/85 किंवा वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. रात्रपाळीनंतर खोलीत काळोख करून सलग सात तास झोप, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्य, सिगरेट बंद, खाऱ्या मासळीला आवर. फेणीने टेन्शन उतरतं म्हणतात. प्रत्यक्षात बीपी चढतं आणि झोप तुटते. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं डॉक्टरांशी बोला, ते एलडीएलबरोबर सूजही उतरवतं.

छातीत दाब, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ जाणवली तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका. 108 ला फोन करा, आणि स्वतः स्कूटर काढून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाकडे मुळीच निघू नका.